दोन्ही टोकांना सारखा जोर

बाई,

गेल्या महिन्यात मी घरी एक कॉम्प्युटर जोडला. तयार आणला नाही, जोडला. एकेक भाग वेगळा निवडून, आमच्या जेवणाच्या टेबलावर, साध्या स्क्रूड्रायव्हरने. आणि तोही गेम खेळायचा. हे ऐकून तुम्ही चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं असतंत. त्रेचाळीस वर्षांची बाई, उरणला राहते, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात गेटपासांचं काम करते, तिला गेमचा कॉम्प्युटर कशाला हवा? म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझे मिस्टर न्हावा शेव्याला जहाजावरून कंटेनर उतरवणारी क्रेन चालवायचे. खूप उंचावर काचेची केबिन, पायाखालीही काच, आणि दोन्ही हातांत एकेक जॉयस्टिक. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला हे काम समजावलं तेव्हा भरल्या कपात चमचा असा सोडून दाखवला होता की टुण्ण आवाजही आला नाही. म्हणाले, असा उतरवायचा चाळीस फुटी डबा. दीड वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून रेझर गळला आणि पाठोपाठ तेही खाली बसले. पॅरालिसिसचा झटका. जीव वाचला, जीभ परत वळायला लागली, पाय ओढत का होईना घरात फिरू लागले. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला ठेवल्यासारखा. कंपनीने ऑफिसात बसून करायचं काम देऊ म्हटलं, ते यांनी ऐकूनच घेतलं नाही. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची, हाताला दाबायला रबरी चेंडू द्यायची. हे तो डाव्या हाताने उचलून कोपऱ्यात फेकायचे. "हे काय लहान पोराचं खेळणं हाय? मला न्हाय जमत आणि मला न्हाय करायचं." भेटायला येणारे मित्र हळूहळू कमी झाले, कारण हे त्यांच्याशी बोलायचेच नाहीत. मग एक दिवस मी कामावर निघताना चप्पल घालत होते, तेव्हा मागून म्हणाले, "तू गेलीस का मी नुसता घड्याळ बघतो. कशाला वाचवलं मला?" मी त्या दिवशी कामावर गेले खरी, पण तासातासाला फोन करत राहिले आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो उचलेपर्यंत वाजणाऱ्या रिंगा मोजल्या.

फिजिओवालीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "काकी, हाताला त्यांच्या आवडीचं काहीतरी द्या. चेंडू आम्हाला आवडतो, त्यांना नाही आवडत." ऑफिसात माझ्या बाजूला बसणाऱ्या सहकाऱ्याने सांगितलं की बंदराचा एक गेम येतो, त्यात जहाज, क्रेन, वारा, सगळं खऱ्यासारखं, दोन जॉयस्टिक जोडता येतात. पण तो आपल्या ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरवर चालायचा नाही, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. तयार मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. तो म्हणाला, "मधल्या बजेटमध्ये बसवायचं तर भाग स्वतः निवडा आणि जोडा. फक्त एक बघा, सगळे एकमेकांशी जुळले पाहिजेत." आणि बाई, त्या शब्दासरशी माझ्यासमोर तुम्ही उभ्या राहिलात.

बोर्लीची आपली शाळा, वरच्या मजल्यावरची ती खोली. दाराबाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, आणि मग कॉम्प्युटरवरची फुलाफुलांची चादर तुम्ही स्वतः उचलायची. अख्ख्या शाळेत एकच मशीन. तुम्ही त्यासाठी अलिबागला दहा दिवस ट्रेनिंगला जाऊन आला होतात आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हा चारपाच मुलींना थांबवून घ्यायचात. त्या शनिवारी मी एकटीच आहे. मशीन फार हळू चालतं म्हणून तुमच्या भावाने मुंबईहून मेमरीची एक पट्टी पाठवली आहे. तुम्ही मशीनचा डबा उघडता, पट्टी खाचेवर धरून बघता, ती बसत नाही. "थांब, ही या मशीनची दिसत नाही. आधी पुस्तकात बघू." तेवढ्यात खालून शिपाई हाक मारतो, तुमचा फोन आला आहे. तुम्ही जाता. मी पट्टी उचलते. मला वाटतं, बाई हलक्या हाताच्या आहेत, जरा जोर लावला की बसेल. तुम्ही परत याल तेव्हा पडदा चालू करून दाखवायचा, अशी माझी हौस. मी अंगठ्याने एका टोकाला दाबते आणि खाच कड्‌कन तडकते. तो आवाज मला आजही कुकरचं झाकण चुकून आपटलं तरी ऐकू येतो.

तुम्ही वर आलात, बघितलंत. ओरडला नाहीत. "मी थांब म्हटलं होतं ना? ती बसत नव्हती म्हणजे तुला काहीतरी सांगत होती. तू ऐकलं नाहीस." एवढंच. मग चादर घातलीत. सोमवारी मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या दारातच उभी होते. मला पूर्ण ऐकू आलं. "माझ्या हातून झालं, सर." त्यांनी त्या खोलीची चावी तुमच्याकडून मागून घेतली. तुम्ही ती पदराच्या टोकाची गाठ सोडून टेबलावर ठेवलीत आणि बाहेर आलात, माझ्या हातातल्या वह्या घेतल्यात, म्हणालात, "चल, वर्गात चल." त्यानंतर मशीन त्यांच्या ऑफिसात गेलं आणि त्या शाळेत तुम्ही पुन्हा कधी कॉम्प्युटर शिकवला नाहीत. मी एक अक्षर बोलले नाही. दहावी झाल्यावर तुम्ही मला त्या मशीनचं इंग्रजी पुस्तक दिलंत, त्यातल्या अवघड शब्दांवर पेन्सिलीने तुमच्या बारीक अक्षरात मराठी अर्थ. मी पाया पडले, पुस्तक घेतलं, तेव्हाही बोलले नाही. आणि पुढे तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा मी मावसबहिणीच्या लग्नाला बोर्लीतच होते. तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जेवणाच्या पंगतीत वाढत होते. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. महिन्याभरात तुम्ही गेल्याचं कळलं.

तर यावेळी मी एकही भाग बघितल्याशिवाय घ्यायचा नाही असं ठरवलं. दोनशे पानी वही केली. प्रोसेसर कुठला, तो कुठल्या बोर्डाच्या खाचेत बसतो, त्या बोर्डाला कुठल्या पिढीची मेमरी चालते. कारण दोन पिढ्यांच्या पट्ट्या दिसायला बहिणी, पण मधली खाच केसभर इकडेतिकडे. कार्ड किती वीज खाणार, तेवढी देऊन वर थोडी शिल्लक राहील असा पॉवर सप्लाय कुठला, आणि हे सगळं ज्यात मावेल तो बाहेरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, केवढा. सगळा पैसा कार्डावर ओतला तर प्रोसेसर मागे पडतो, प्रोसेसर भारी घेतला तर कार्डाला काही उरत नाही. मी ऑफिसात डबा खाताना, बसमध्ये उभ्याने, भात शिजेपर्यंत हेच वाचत होते. हे खुर्चीतून बघायचे आणि विचारायचे नाहीत.

वाशीच्या एका दुकानात यादी घेऊन गेले. दुकानदार पंचविशीचा, तोंडात च्युइंगगम. यादीवर नजर टाकून म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, सब बैठ जाएगा. बेटे के लिए?"

"नवऱ्यासाठी. आणि सब बैठ जाएगा नको. या कॅबिनेटमध्ये कार्डाला जागा किती, आणि कार्ड किती लांब, ते सांगा."

तो हसला. पण टेप काढली, मापलं, आणि हसायचा थांबला. कार्ड जागेपेक्षा बोटभर लांब निघालं. "अरे, सही पकडा आपने," म्हणाला आणि आतून दुसरं कॅबिनेट घेऊन आला. बाई, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की खोक्यांसकट रिक्षात बसल्यावर मी एकटीच हसत होते.

रविवारी दुपारी टेबलावर जुनी चादर अंथरली. प्रोसेसर अलगद ठेवला, पंखा बसवला. मग मेमरीची पट्टी उचलली. खाच जुळवून बघितली, जुळत होती. बोर्डासोबत आलेल्या पुस्तकात बघितलं, तेच लिहिलेलं. तरी दाबवेना. पट्टी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"काय झाला?" हे खुर्चीतून म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

"भीती वाटते. दोन्ही टोकांना सारखा जोर लावायचा असतो. शाळेत आमच्या बाईंनी अशीच एक खाच मोडली होती."

किती सहज निघालं तोंडातून. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, मुख्याध्यापक नाहीत, तुम्ही नाही, समोर फक्त माझा नवरा, आणि तरीही मी तुमचंच नाव पुढे केलं. "बाईंनी नाही," मी म्हटलं. "मी मोडली होती. त्यांनी स्वतःवर घेतलं." आणि मग सगळंच सांगितलं, चावीचं, पुस्तकाचं, त्या लग्नाचं.

हे उठले. पाय ओढत टेबलाशी आले. "त्यांना सांगितला न्हाय कधी?"

"नाही."

"मग लिही." जसं काही तुमचा पत्ता त्यांच्या खिशातच होता. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि अंगठा पट्टीच्या एका टोकावर नेला. "ह्या टोकाला मी, त्या टोकाला तू. मी म्हणेन तेव्हा." त्यांचा अंगठा पांढरा पडेपर्यंत ते जोर लावत होते. कपाळावर घाम. मला माझा जोर कमी करावा लागला, त्यांच्याइतका करावा लागला. आम्ही किती वेळ तसे उभे होतो कुणास ठाऊक. आधी माझ्या बाजूने टक् झालं. मग त्यांच्या बाजूने. यांनी दुसरी पट्टी स्वतःच पुढे सरकवली.

संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. वायरी तपासल्या, पट्ट्या काढून परत लावल्या, पडद्याची वायर कार्डालाच आहे ना बघितलं. काळाच. मी रडकुंडीला आले. सगळं वहीतल्यासारखं होतं, सगळं बसलं होतं, तरी हे असं. हे भुवया चढवून बराच वेळ त्या बोर्डाकडे बघत राहिले, पूर्वी जहाजाकडे बघायचे तसे. मग बोर्डाकडे आणि त्यावरच्या प्रोसेसरकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या दोघांत नवीन कोण?"

"प्रोसेसर. बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून होता म्हणे."

"मग गेटवर नोंदच नसल. पास नवा, गेट जुना. सोडणार कोण आत?"

मी रोज गेटपासांचं काम करणारी बाई, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! बोर्ड बनवणाऱ्याच्या वेबसाइटवर यादी काढली. खरंच, आमचा प्रोसेसर ओळखायला बोर्डाच्या आतल्या छोट्या प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती लागत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ती पेन ड्राइव्हवर घेतली, संध्याकाळी बोर्डाच्या मागचं बटण धरून आत सोडली. एक बारका दिवा लुकलुकत राहिला. तो विझला, मी परत मशीन चालू केलं आणि पडदा उजळला. यांनी डाव्या हाताने टेबलावर अशी थाप मारली की स्क्रू उडाले.

गेम चढवला, दोन जॉयस्टिक लावल्या. त्यांनी पहिल्या दिवशी तेरा डबे समुद्रात पाडले. शिव्या घातल्या; वाऱ्याला, क्रेनला, गेम बनवणाऱ्याला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत होते आणि मला त्या शिव्या किती गोड लागल्या हे मी सांगू शकत नाही. खरी क्रेन त्यांना आता कुणी देणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण उजवा हात जॉयस्टिकवर राहतो. परवा शर्टाची वरची दोन बटणं त्यांनी स्वतः लावली, वेळ लागला, पण लावली. जुन्या जोडीदाराला फोन करून म्हणाले, "ये की, तुला दाखवतो वाऱ्यात कसा उतरवायचा." मी कामावर निघताना हल्ली ते दारापर्यंत येत नाहीत, कारण जहाज लागलेलं असतं. मी आता दुपारी एकदाच फोन करते.

चूक माझी होती, बाई. तुमच्या हातून काही झालं नव्हतं. तुमच्या शाळेतल्या त्या सगळ्या शनिवारांचं मी नुकसान केलं आणि तुम्ही मला पुस्तक दिलंत. हे तुमच्यासमोर उभं राहून सांगायला हवं होतं. आता हे कागद कुठे टाकायचे ते मला कळत नाही. यांना सांगेन, लिहिलं म्हणून.

आणखी एक आहे, ते मात्र यांना सांगणार नाही. रविवारी जेवण झाल्यावर हे तासभर झोपतात. तेवढ्या वेळात मी आवाज बंद करून खेळते. परवा वाऱ्यात सलग अकरा डबे उतरवले, एकही पाडला नाही. यांचे सात आहेत. माझी नोंद मी पुसून टाकते.