धारवाडातले तीन हंटर आणि एक बाई

धारवाड, मंगळवार

ती. गोदूअक्कास,

धाकट्या सुधींद्रचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (परवा फोनवर "बराय" म्हणालीस, पण तू "बराय" म्हणतेस तेव्हा तो बरा नसतो.) इकडे आम्ही सुखरूप आहोत. रविवारपर्यंत मी मात्र नव्हतो.

त्याचं असं झालं, की आमच्या इतिहास मंडळाच्या बाळकृष्णाला विलायतेतल्या एका बाईंची मेल आली. आडनाव हंटर. पणजोबा या भागात नोकरीला होते, काही माहिती मिळेल का, एवढंच विचारलं होतं. बाळकृष्णाने ती मेल माझ्याकडे ढकलली, कारण जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाला सगळे इंग्रज ठाऊक असतात अशी त्याची समजूत. आणि मीही कळवून टाकलं, की हंटरसाहेबांना इथं कोण ओळखत नाही? या, सभेत सगळं सांगतो! बाई खरंच आल्या. मग शोधायला बसलो, तर एक सोडून तीन नामांकित हंटर निघाले. बाईंचे कोणते, हे विचारायचंच राहिलं होतं. (आता विचारावं तर अब्रू जाणार.)

म्हटलं, त्यातला रुबाबदार धरावा. जंगलखात्यातल्या हंटरांनी अळणावरच्या रानात कसे वाघ मारले ते रंगवून सांगू लागलो. बाईंचा चेहरा उतरला. पहिल्या रांगेतून आमची स्मृती डोळे वटारत होती. बाई प्राण्यांचा दवाखाना चालवतात हे तिला चहाच्या वेळीच कळलं होतं, पण नवऱ्याला कोण सांगणार! मी घाईने न्यायाधीश हंटरांकडे वळलो. त्यांनी सत्याग्रहींना फटक्यांची शिक्षा दिली होती, हे तोंडातून निघून गेल्यावर लक्षात आलं. बाई पांढऱ्याफटक. (मुळात गोऱ्या, तरी फरक कळला.) उरले पाद्री हंटर. त्यांच्या विद्वत्तेवर, सेवेवर, आजन्म ब्रह्मचर्यावर मी भरभरून बोललो आणि शेवटी म्हणालो, अशा पुण्यपुरुषाची पणती आज आपल्यात आहे! सभागृहात हशा पिकला. बाळकृष्ण माझा सदरा ओढत पुटपुटला, "साकु माडो, सुधींद्र! पुरे कर आता!"

आता धारवाड सोडावं लागणार, असं वाटत असतानाच बाई उठल्या. "माझे पणजोबा रेल्वेत इंजिन चालवायचे," त्या म्हणाल्या. "यातले एकही माझे नाहीत. सुटले!" आणि अशा मनमोकळ्या हसल्या, अक्का, की माझाही जीव भांड्यात पडला.

काल त्यांना अळणावर स्टेशनवर नेलं. फलाटावर उभ्या राहून त्या रुळांकडे बघत राहिल्या. हिंदुस्थानातल्या हंटरांबद्दल वाचावं तिथं वाघ नाहीतर फटके, म्हणून घरी ऐकलेलं इंजिन खोटं ठरून आपलेही तसलेच निघतील, या भीतीने त्या इकडं यायलाच बिचकत होत्या म्हणे. "माझ्या पणजोबांनी फक्त माणसांना घरी पोचवलं," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मीही चष्मा काढून पुसला. (धूळ नव्हती.)

भावजींना नमस्कार. जपून राहा.

तुझा,
सुधींद्र

ता. क. यापुढे भाषण करायचं नाही, असं स्मृतीने वदवून घेतलं आहे.

आणखी एक ता. क. बाई इतक्या खूश होत्या, की मला राहवलं नाही. तुमच्या पणजोबांच्या इंजिनात बसलेली माझी अक्का अजून बेळगावात आहे, असं बोलून गेलो. त्या गुरुवारी तुझ्याकडे येताहेत. हिशेब जुळावा म्हणून तुझं वय एकशे सात सांगितलंय. तेवढं सांभाळून घे, आणि भावजींची ओळख मुलगा म्हणून करून दे.