सातवं काज

प्रिय ताई,

अक्षर एवढं मोठं का काढलंय म्हणून हसू नकोस. हे पत्र तू स्वतः वाचावंस, लेकीकडून वाचून घेऊ नयेस, म्हणून मुद्दाम जाड टोकाचं पेन आणलंय. पानं वाढली तर वाढू देत. तू खिडकीशी खुर्ची ओढशील, कागद नाकाला लावशील आणि वर म्हणशील, मला सगळं स्वच्छ दिसतं.

तू शिवलेला आकाशी सदरा गेल्या महिन्यात पोचला. खांद्याला असा बसलाय की आरशासमोर उभा राहून मी चौथीच्या पुस्तकातली झऱ्याची कविता खड्या आवाजात म्हटली. तिसऱ्या कडव्याला अडलो. तिथंच अडायचो, आठवतं? मी वर्गात म्हणायला उभा राहिलो की तू बाहेर व्हरांड्यात ओठ हलवायचीस आणि मी तुझ्या ओठांवरून पुढची ओळ उचलायचो. बक्षीस मात्र मी घेतलं. अजूनही त्या कडव्याला आलो की नजर आपोआप दाराकडे जाते.

भाची मला सगळं सांगते हं. शेजारीण रोज सकाळी येऊन दहा सुयांत रंगीत दोरे ओवून देते आणि त्या दहा सुया तू संध्याकाळपर्यंत पुरवतेस, हेही सांगितलं. पन्नास वर्षं शिवणकाम केलेली तू, तुला हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, ते मी समजू शकतो. पण मध्यंतरी जिन्याची शेवटची पायरी तुला दिसलीच नाही, तेव्हापासून पोरगी धास्तावली आहे. मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, असं डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलंय.

तू ऑपरेशनला तयार होईनास, म्हणून फोनवर मी आधी तुला आकडे ऐकवले. शंभरात एखाद्यालाच त्रास होतो म्हटलं, तर तू म्हणालीस, तो एखादा मीच असणार. मग मी आईची आठवण काढून रडवेला झालो. तू म्हणालीस, आधी नाक पूस. आणि फोन ठेवताना बोललीस ते मात्र वर्मी लागलं. सुई बघून बाकाखाली शिरणाऱ्यानं मला धीर देऊ नये, म्हणालीस.

खरं आहे. तो दिवस मी विसरलेलो नाही. शाळेत लस टोचायला माणसं आली होती आणि मी शेवटच्या बाकाखाली पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. गुरुजींनी फळ्यावर आकृती काढून रोग कसा पसरतो ते समजावलं. मला सगळं समजलं, पण मी जागचा हललो नाही. मग आईला बोलावलं. तिनं पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मीही तिच्याबरोबर रडलो, पण बाकाखालूनच. शेवटी शेजारच्या वर्गातून तू आलीस, बाही वर केलीस आणि नर्सबाईंना म्हणालीस, आधी मला द्या. तुझा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मी बाहेर आलो आणि दंड पुढे केला. संध्याकाळी तुझे दोन्ही दंड सुजले, तेव्हा घरात कळलं की तू सकाळीच तुझ्या वर्गात एक घेऊन आली होतीस. दोन दिवस आईनं तुझ्या वेण्या घातल्या. गुरुजी खरं बोलले होते, आई मनापासून रडली होती, पण मला बाकाखालून काढलं ते तुझ्या त्या दुसऱ्या दंडानं. पुढे कारखान्यात कामगारांना हातमोजे घाला म्हणून सांगण्यात माझी उमर गेली, आणि ते ऐकायचे तेही मी स्वतः घातल्याशिवाय यंत्राला हात लावत नव्हतो म्हणून.

आता ऐक. आज माझ्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले. मोतीबिंदू मलाही होता, पण वर्षभर थांबलात तरी चालेल, असं माझे डॉक्टर म्हणत होते. मी म्हटलं, नाही, मला बहिणीच्या आधी करून घ्यायचंय. आत नेताना घाबरलो होतो, लपवत नाही. डोक्यावर दिवा आला, तशी मी मनात झऱ्याची कविता सुरू केली. तिसऱ्या कडव्याला अडलो, दाराकडे मान वळवता येईना, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, झालं. घरी येऊन तुझा सदरा पुन्हा हातात घेतला. सहा काजं पांढऱ्या दोऱ्याची आहेत, सातवं पिवळट. उजवा डोळा झाकला, तर सातही सारखी. ताई, तू चुकीची सुई उचललीस आणि महिनाभर मलाही ते कळलं नाही. आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं, असं आपण दोघंही छातीठोकपणे सांगत होतो. माझा डावा डोळा पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आहे. भाचीकडून तुझे तपासणीचे कागद मागवून डॉक्टरांना दाखवलेत आणि त्याच सकाळी, माझ्या पाठोपाठची वेळ तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. या खेपेला बाही आधी मी वर करतो. येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आण. ते काज तूच उसवायचं, तूच पुन्हा करायचं, आणि सुईत दोराही तूच ओवायचा. मी समोर बसून बघणार आहे.

तुझाच,
बाकाखालचा