तोवर तेलच

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. मी लगेच उत्तर लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. घाईत खरडतोय, अक्षर लावून लावून वाच.

आमच्या कारखान्यातली रीत तुला कधी सांगितली नाही. भट्टीवर फुलांचा वास तेलात उतरतो, ते तेल बुधल्यांत महिनोन्‌महिने मुरतं, पण त्याला अत्तर म्हणायची कुणाला मुभा नाही. मालकालासुद्धा नाही. आमचे वस्ताद हुंगून म्हणतील तेव्हा ते अत्तर, तोवर तेलच. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून तो शब्द निसटला, तर वस्ताद म्हणाले, अंड्याला कोंबडी म्हणतोस का रे? मग अत्तर म्हणजे काय, असं विचारलं. म्हणाले, फूल संपल्यावर जे उरतं आणि कुणीतरी ज्याला ओळखतं, ते. कुणी ओळखलंच नाही तर बसलंय बिचारं तेल होऊन.

शाळेत धड न टिकलेल्या मला त्यांनी हाताशी घेतलं ते माझ्या नाकासाठी. तेलात बुडवलेला कापसाचा फाया आधी मी हुंगायचा, मग त्यांच्या हातात द्यायचा. मला वाटायचं, शिकवतायत.

काल मोगऱ्याची पाळी होती. मला सर्दी, नाक पार चोंदलेलं. सांगितलं तर माझ्या जागी दुसऱ्याला उभं करतील, म्हणून गप्प राहिलो. फाया नाकाशी धरला आणि डोक्यात आलं तुझं पत्र. तुझी पोरगी बाबांच्या मिशा ओढते, आणि आपल्याला डोळे वटारणारे बाबा तिच्यापुढे मांजर होऊन बसतात! मला हसू फुटलं. वस्तादांनी फाया घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, अत्तर! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बुधली ठेवायला गेलो, तर मोगऱ्याची खडूची खूण केलेली बुधली फळीवर तशीच. मी नेली होती ती कोऱ्या तेलाची. त्यात एक पाकळीसुद्धा पडली नव्हती गं.

गुपचूप बुधल्या बदलल्या आणि वस्तादांना कोपऱ्यात गाठलं. आधी अंगावर ओरडले, मग एकदम फुलांच्या पोत्यावर बसले. म्हणाले, तू आलास त्याच्या आदल्याच महिन्यात तापानं माझं नाक गेलं. म्हटलं, मग ही तीन वर्षं? तर म्हणे, तुझ्या तोंडाकडे बघत होतो की. तोंड फुललं की अत्तर, पडलं की तेल.

ताई, मी त्यांच्याकडून शिकत होतो आणि ते माझ्या तोंडावरून वाचत होते! कुणाला बोललो नाही अजून. उद्या गुलाब आहे. वस्ताद म्हणाले, उद्या फाया मी धरतो, शब्द तू बोल.

पण माझ्या डोक्यात गुलाब नाही, केवडा फिरतोय. तुझ्या लग्नाच्या दिवशी मला रजा मिळाली नव्हती. त्या दिवशी केवड्याचा फाया मी एवढंसं तोंड करून हुंगला आणि वस्ताद म्हणाले, तेल. बुधली बाद झाली. त्यातलीच एक कुपी मी बाबांना पाठवली. मी शाळेतून पळालो तेव्हा ते म्हणाले होते ना, हा काय अत्तराचे दिवे लावणार, त्याचा राग होता. म्हणून चिठ्ठीत लिहिलं, बाबा, हे नापास झालंय, माझ्यासारखंच. कुपी अजून कपाटावर बंदच पडलीय, असं तूच लिहिलंस. ताई, त्या तेलात खोट नव्हती. पडलं होतं ते माझं तोंड. एवढ्यासाठी हे पत्र. माहेरी आहेस तोवर कुपी खाली काढ आणि बाबांच्या मनगटाला लाव. काही सांगू नकोस. नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघ, आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझाच,
नापास धाकटा