पाकिटावरची बाई

माय, आपल्या मुरमुऱ्यांची नवी पाकिटं कालच छापून आली. त्यावरून तुला एक सांगायचं आहे. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली. मलकापूरच्या माझ्या दुकानामागे आता भट्टी नाही, यंत्र आहे. लोक पाकीट उचलतात, उलटंसुलटं करतात, तारीख वाचतात, कानाशी नेऊन हलवून बघतात. कोण काय पाहून माल घेईल याचा मी इतकी वर्षं अंदाज बांधते आणि अजून चुकते. तुला ते कसं कळायचं, याचं मला अजून नवल वाटतं.

मला अजून दिसतं, मोताळ्याच्या बाजारात तू पोतं उघडून बसली आहेस, शेजारी मी. गिऱ्हाईक आलं की तू भाव सांगत नाहीस. आधी त्याच्या हातावर मूठभर मुरमुरे ठेवतेस आणि गप्प राहतेस. पलीकडचे दुकानदार घसा फोडून ओरडत असतात. एकदा रोहिणखेडची एक म्हातारी अशीच चावत होती, मला काही राहवेना. घ्या आजी, लई कुरकुरीत आहेत, असं मी म्हणून गेले. तू माझ्याकडे डोळे वटारून पाहिलंस.

"काऊन बोलून राह्यली वं? तिचं चावनं होऊ दे."

म्हातारीने सावकाश सगळं संपवलं आणि पिशवी पुढे केली. "मुरमुरे तं चांगलेच हायेत," ती म्हणाली, "पन म्या तुहे हात पाह्यले. भर."

भट्टीवरच्या तापल्या वाळूने भाजलेले, कोपरापर्यंत काळवंडलेले ते हात मी रोज बघत होते. त्या दिवशी मात्र मला तुझा धाकच वाटला, देवळात गेल्यावर वाटतो तसा. गिऱ्हाइकाशी एक शब्द न बोलता तू माल विकला होतास.

नव्या पाकिटावर मी 'मायच्या हातचे मुरमुरे' असं छापून घेतलं. छापणाऱ्याने तुझा फोटो मागितला. एकही नाही, असं मी सांगितलं. मग त्याने हिरव्या बांगड्या घातलेल्या एका गोऱ्यापान बाईचं चित्र टाकलं.

फोटो आहे, माय. भट्टीपुढे बसलेली तू, कढईवर दोन्ही हात. असे हात पाहून शहरातलं गिऱ्हाईक घेणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पण गिऱ्हाइकाचं नुसतं निमित्त होतं. लाज मलाच वाटली.