दुसऱ्या वर्षाची वही

औरंगाबाद, २ जुलै १९९८

तीर्थरूप बापूंस,
प्राचीचा सा. न.

मावशीकडे सुखरूप आहे. तुम्ही टोमॅटोची गाडी भरताना कंबर सांभाळा, पैलवानकी दाखवू नका.

इथे तिसऱ्या वर्षाला तात्पुरतं बसू देतात. जुन्नरची दोन वर्षं धरायची तर गुणपत्रिका, मायग्रेशन सर्टिफिकेट चाललं. पण वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पाची मूळ वही मागतात. ३१ तारखेच्या आत दाखवली नाही, तर दुसरं वर्ष पुन्हा करायचं. वही माझी आणि उजमाची मिळून होती. ती गेल्यावर सरांनी तिच्या अम्मीला, खातूनचाचींना दिली.

अर्जात सहकाऱ्याच्या नावाचा रकाना आहे. पेन तिथेच अडतं. वर्गात मी अजून बाकाच्या कडेला बसते, शेजारी जागा ठेवून. कुणी तिथे बसलं की ओल्या ओढणीचा वास येतो.

बापू, तुम्ही खातूनचाचींकडे जाल? माझ्यानं होणार नाही.

माया असू द्या.
तुमची प्राची

राजुरी, ९ जुलै १९९८

चि. प्राचीस,
बापूचे अ. आ.

मंगळवारी जुन्नरला जाऊन आलो. उजमाचे अब्बा राजमहंमदभाऊ दुकानात व्हते. खातूनभाभीनं चहा दिला अन् ट्रंकेतली वही माझ्यापुढं ठेवली. मी निघालो तवा दारात म्हनल्या, भाऊ, पोरगी पाण्याला लई भ्यायची. सहलीत खाणीच्या तळ्याशी आपणहून कशी गेली, एवढंच प्राचीला इचारा.

वही रजिस्टरनं धाडलीय. तू आमाला सांगितलं, मी लांब व्हते, कायबी दिसलं न्हाई. पण जानेवारीपासून झोपेत तू, उजमा, नको, मागं ये, म्हणतीस. मी ऐकलंय. भाभीला उत्तर तूच लिही, पोरी. मी मधी पडणार न्हाई.

खुशाली कळव, जेवत जा.
संपत

औरंगाबाद, १५ जुलै १९९८

आदरणीय खातूनचाचींस,
प्राचीचा सलाम.

वही पोचली. ऑफिसात दाखवण्याआधी हे लिहिते.

मी लांब नव्हते. काठावर, तिच्या शेजारी होते. वहीत कुमुदाचं पान तेवढं कोरं होतं. फूल मलाच हवं होतं. ती नको म्हणाली. मी हसले, म्हणाले, तू माझ्यापेक्षा उंच, तुझा हात पोचेल. आणि तिची ओढणी धरून ठेवली. दगड सरकला. ओढणी माझ्या हातात राहिली. सगळे धावत आले, तेव्हा मी ती पाण्यात टाकून दिली.

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय. तुम्ही म्हणाल तर वही तशीच परत करीन. वर्ष गेलं तर जाऊ दे.

माफी मागायला तोंड नाही.
प्राची

जुन्नर, २२ जुलै १९९८

प्राची बेटीस,
दुवा.

मी सांगतेय, लिहितायत उजमाचे अब्बा. तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. माफ केलं, असं माझ्या तोंडातून निघत नाही. खोटं कशाला लिहायचं? पण ती एकटी नव्हती, तिच्याशेजारी कुणीतरी होतं, हे कळल्यावर काल मला झोप लागली.

वही ऑफिसात दाखव. रकान्यात तिचं नाव पुरं लिही, उजमा राजमहंमद. त्यात तिचीही मेहनत आहे. ते वर्ष कुठंतरी धरलं जाऊ दे.

नंतर वही टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. त्या दिवशी ती सकाळपासून काय बोलली, कशाला हसली, डबा खाल्ला का, सगळं मला ऐकायचंय. मी रडले तरी थांबू नकोस.

वाट बघते.
खातून