मक्याच्या पिठाचा बर्फ

प्रिय टिटवे,

तुमचा बर्फाळ सिनेमा येत्या गुरुवारी उतरतोय. थिएटरच्या मॅनेजरने आज सकाळी फोनवर स्वतः सांगितलं. तोवर तीनचा खेळ तेवढा चालेल. तिकीट खिडकीवरच्या माणसाला हे शनिवारीच कळलं असावं, कारण आम्हाला तिकिटं देताना त्याने दोनदा विचारलं की नक्की हाच ना.

सिनेमा वाईट आहे, हे तुला मी सांगायला नको. सात माणसं, बर्फात अडकलेलं संशोधन केंद्र, वादळ, बंद पडलेला रेडिओ, आणि दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये प्रेत. बाहेर उणे चाळीस असताना या लोकांना फ्रीझर कशाला लागतो, असं तुझ्या आईने मला विचारलं, तर मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, बाई, तेच तर रहस्य आहे. मध्यंतरानंतर ते गृहस्थ परत आले नाहीत. डॉक्टर पहिल्यापासून असा तिरका हसत असतो की खुनी तो नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं. आणि खरा खुनी, तो रेडिओवाला, शेवटी उघड्या बर्फात टोपीशिवाय उभा राहून अकरा मिनिटं कारणं सांगतो. तोंडातून वाफेचा एक धागा निघत नाही. आईला सारखं वाटत होतं की त्याला कुणीतरी मफलर द्यावा.

पण खुनी कोण ते मला चाळिसाव्या मिनिटालाच कळलं होतं. पडद्यावर नुसतं बंद दार होतं आणि बोळातून खुन्याच्या पावलांचा आवाज येत होता, तू स्टुडिओत वाजवलेला. उजवं पाऊल पूर्ण टेकतं, डावं किंचित फरफटतं, आणि दाराशी आल्यावर क्षणभर थांबतं. आईने माझं मनगट धरलं. "अहो, हे तर तुम्ही," ती म्हणाली. पुढच्याच प्रसंगात रेडिओवाला तीच पावलं टाकत आला.

स्कूटरवरून पडलो तेव्हा तू दुसरीत होतीस. तेव्हापासून मी असाच चालतो. पण दाराशी थांबायचो ते पायामुळे नाही; तू झोपली आहेस की पुस्तक लपवते आहेस, याचा कानोसा घ्यायचो. तू आतून माझा कानोसा घेत होतीस, हे मला आत्ता कळलं. घरी येताना मी आईला म्हटलं, एवढं सगळं लक्षात ठेवलं पोरीने, मग मला खुनी का केलं? आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिच्या लेखी तुम्ही एक खून केलाच आहे की."

अडीच वर्षांपूर्वी तू पावलांचे आवाज दिलेल्या पहिल्या सिनेमावर मी पेपरात लिहिलं होतं की पडद्यावरची सगळी माणसं जणू एकच बूट आळीपाळीने घालून चालतात. वाक्य खरं होतं, आणि मला आवडलंही होतं. ते मी मंगळवारी लिहिलं. मंगळवारी रात्री तुझ्यासोबत जेवलो, बुधवारी जेवलो, गुरुवारी सकाळी तुला चहा गाळून दिला. स्टुडिओत कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तुला कळलं. छापून येईपर्यंत परीक्षण कुणाला दाखवायचं नाही, घरातल्यांनाही नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नेम, आणि त्याचा मला कोण अभिमान. संध्याकाळी तू एवढंच म्हणालीस, "बाबा, दोन दिवस आपण एकाच टेबलावर जेवत होतो." दहा दिवसांनी तू तिकडच्या शहरातली नोकरी धरलीस. तेव्हापासून फोनवर माझी साखर किती आली ते विचारतेस आणि म्हणतेस, आईला दे.

आई सांगत होती, बर्फावरच्या पावलांचा आवाज यावा म्हणून तू मक्याचं पीठ पिशव्यांत भरून महिनाभर तुडवत होतीस, गुडघे सुजेपर्यंत. ते ऐकू येतं गं. सात माणसं सात तऱ्हांनी चालतात. आचारी टाचा आपटतो, ती शास्त्रज्ञ बाई प्रत्येक पाऊल आधी चाचपून टाकते, आणि डॉक्टर, एवढा तिरका हसणारा, पण चालतो अगदी साध्या सरळ माणसासारखा. दिग्दर्शकाला जे दोन तासांत जमलं नाही ते तू डॉक्टरच्या बुटांत घातलंस. शेवटचा अर्धा तास मी डोळे मिटून बसलो होतो. डोळे मिटले तर सिनेमा बरा आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. माझं परीक्षण लिहून झालंय. पोरीचं काम आहे म्हणून मी नको म्हणत होतो, पण संपादक म्हणाले, लिहा, फक्त ती तुमची मुलगी आहे हे वरच छापू. सिनेमाला जे मिळायचं ते मिळालंय, त्यात हात आखडलेला नाही. आवाजावर मात्र एक परिच्छेद आहे. मला तो खरा वाटतो. पण बापाने केलेल्या कौतुकाने तुझं भलं होईल की स्टुडिओत पुन्हा कुणी तो मोठ्याने वाचून हसेल, हे मला इथे बसून कळत नाही, तुला तिथे कळेल. म्हणून प्रत सोबत ठेवली आहे. छापण्याआधी वाचणारी तू पहिलीच. आई उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघते आहे, पाकीट तिच्याच हाती देतोय, पण तिनेही वाचलेलं नाही. डिंक मी स्वतः लावलाय. परिच्छेद ठेवायचा की काढायचा, ते तू सांग. तू म्हणशील तसं. पान बुधवारी चार वाजता छपाईला जातं, तोपर्यंत संपादक तेवढी जागा धरून ठेवणार आहेत. मी दोनपासून ऑफिसात टेबलाशी बसून असेन. फोन मीच उचलेन, आणि या वेळी आईला द्यायला आई इथे नसेल.

तुझाच, वाट बघणारा,
बाबा