लिफ्ट समवर्ती सूचीत

२ मे
सोसायटीची घटना लिहायला घेतली. चेन्नईत अड्यारमधल्या आमच्या दोन ब्लॉकची रोजची भांडणं मिटवायला दुसरा उपाय नाही. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं ते काय उगाच? असोसिएशन म्हणजे केंद्र, ब्लॉक म्हणजे राज्यं. गेट, पाण्याची टाकी केंद्राकडे. जिन्यातले दिवे, झाडलोट राज्यांकडे. लिफ्ट दोघांकडे, म्हणजे समवर्ती सूचीत. महिन्याभरात मंजूर करून घेणार.

९ मे
आमच्या ए ब्लॉकची लिफ्ट बंद पडली. उत्तम. घटनेची पहिली कसोटी! बायकोचं, धनलक्ष्मीचं, म्हणजे आमच्या धनमचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि आम्ही पाचव्या मजल्यावर. पण ती जिद्दीची आहे. जिना म्हणजे व्यायामच.

१४ मे, सकाळ
चौथ्या मजल्यावरच्या विद्यालक्ष्मीबाई आल्या. म्हणाल्या, सार, ए ब्लॉकवाले मिळून मेकॅनिक बोलावतो. साफ नाही म्हणालो. समवर्ती विषयात राज्यानं परस्पर पाऊल उचललं तर केंद्राला विचारतो कोण? आज लिफ्ट, उद्या टाकी. बाई उठल्या. पटलं असावं. धनमला धरून त्याच खाली घेऊन गेल्या.

२१ मे
सभा आमच्याच घरी. मी असोसिएशनचा अध्यक्ष, मला लिखाण सोडून खाली उतरणं परवडत नाही. बी ब्लॉकचा वेंकट म्हणाला, आमची लिफ्ट चालते, आम्ही कशाला यात पडू? मी म्हणालो, संघराज्य! तो धनमनं केलेली कॉफी पिऊन गेला. दुरुस्तीचा ठराव तहकूब.

२८ मे
धनमनं डायलिसिस चुकवलं. म्हणाली, पाय उचलत नाहीत हो, पोदुम्, पुरे झालं. मी धीर दिला. उरलेसुरले अधिकार कुणाकडे, एवढं एकच कलम राहिलंय. उद्या नक्की संपवतो. सिरुसेरीहून मुलीचा, कीर्तनाचा फोन. अप्पा, तुम्हाला काही वाटतं का, म्हणून ओरडली. आयटीवाल्यांना घटना कळत नाही.

३० मे
कलम जमेना. धनमला धाप लागली. विद्यालक्ष्मीबाईंबरोबर निघाली, पण तिसऱ्या मजल्यावर बसली ती उठलीच नाही. वेंकट आणि वॉचमननं प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालून खाली नेली. मी वरून सूचना देत होतो. आयसीयूत आहे. कीर्तना सोबत आहे. एकालाच आत सोडतात म्हणे, म्हणून मी गेलो नाही.

१ जून
वेंकटनं मेकॅनिक आणला. कुणालाही न विचारता. एक तार तुटली होती. चहा होईपर्यंत लिफ्ट सुरू. पूर्णपणे घटनाबाह्य. मी तिच्यात पाय ठेवणार नाही.

१२ जून
धनमला कीर्तनानं आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेलंय. आज आणायला गेलो. उतरताना जिना काहीच वाटला नाही. लिफ्ट चालू झाली, असं धनमला सांगितलं. म्हणाली, एकदा तरी बरोबर उतरायचं होतं तुम्ही. मी नाही येत. आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळी एकटाच परत आलो. खाली लिफ्ट उभी होती. तत्त्व म्हणून जिन्यानं निघालो. लिफ्ट बंद पडल्यापासून पहिल्यांदाच चढत होतो. दुसऱ्याच मजल्यावर खाली बसलो. छाती धडधडत होती, घाम सुटला, भीती वाटली. ती डायलिसिस करून आल्यावर पाचव्यापर्यंत चढायची.